पाठ नसलेली तसबीर

देणे आणि पाठवणे यांत फरक आहे, हे आपल्या जुन्या धर्मशास्त्रकारांनी फार बारकाईने पाहिले होते. याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिणारा विज्ञानेश्वर तर आपल्याच मुलखातला. चालुक्य विक्रमादित्याच्या कल्याणचा, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याणचा. त्याचे म्हणणे असे की, दान पुरे व्हायला दोन गोष्टी घडाव्या लागतात. देणाऱ्याचा वस्तूवरचा हक्क सुटला पाहिजे आणि घेणाऱ्याचा तिच्यावर हक्क उत्पन्न झाला पाहिजे. हा दुसरा हक्क घेणाऱ्याने स्वीकार केल्यावाचून उत्पन्न होत नाही, आणि स्वीकारही तीन परींचा: मनाने, वाणीने आणि कायेने. बंगालच्या जीमूतवाहनाला हे पटत नव्हते. देणाऱ्याने सोडले की काम झाले, असे त्याचे मत. इंग्रजांनी 1882 साली मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा केला तेव्हा त्यातही बक्षिसाला स्वीकाराची अट घातली गेली. तेव्हा निदान या मुद्द्यापुरता कल्याणचा पंडित जिंकला म्हणायचा.

ही कोर्टकचेरीची चर्चा आठवण्याचे कारण मात्र चार-पाच हजार रुपयांचे आहे. आमच्या मावशीचे सहस्रचंद्रदर्शन या वर्षी आले. घरच्या सर्वांनी मिळून तिला काय द्यायचे याचा खल झाला. साडी नको, कारण तिच्या कपाटात न नेसलेल्या साड्यांची चळत आहे. चांदीचे भांडे नको, कारण ते ती दुसऱ्याच दिवशी नातवंडांच्या नावाने बाजूला काढून ठेवील. शेवटी कोणीतरी डिजिटल फोटो फ्रेम सुचवली. मी गावातच राहणारा, म्हणून ती निवडण्याचे आणि तिच्यात फोटो भरण्याचे काम माझ्याकडे आले. वाटले होते, दोन दुकाने फिरलो की सुटलो. प्रत्यक्षात दोन महिने मी याच विचारात आहे, आणि तो विचार फ्रेमपेक्षा फारच लांब गेला आहे.

आधी वस्तूविषयी थोडे सांगतो, कारण दिवाळीत पुष्कळांना हा प्रश्न पडत असेल. ही फ्रेम म्हणजे चौकटीत बसवलेला लहानसा पडदा. तिच्यावर फोटो एकामागून एक, ठरवलेल्या वेळाने बदलत राहतात. स्वस्तातली फ्रेम कार्डावर किंवा पेनड्राइव्हवर चालते. त्याहून महाग असते ती वाय-फायवर, म्हणजे जगात कुठूनही कोणीही मोबाइलवरून फोटो पाठवावा आणि तो इथे भिंतीवर उमटावा. दुकानदार आधी मेगापिक्सेलच्या गोष्टी सांगतो, तिकडे लक्ष देऊ नये. 1280 गुणिले 800 ठिपक्यांच्या पडद्यावर एकूण ठिपके दहा लाखांच्या आसपास असतात. मोबाइलचा फोटो सव्वा कोट ठिपक्यांचा असला, तरी त्यातले बारातले अकरा भाग हा पडदा वाऱ्यावर सोडतो. 1024 गुणिले 600 चा पडदा त्याहून पुष्कळ धूसर, तो घेऊ नये. पडदा बाजूने पाहिला तरी रंग बदलत नाहीत ना, हे उभे राहून, बसून आणि खाटेवर पडल्यासारखे वाकून पाहावे. वयस्क माणूस फ्रेमसमोर ताठ उभा राहत नसतो. वीज जाऊन परत आली की फ्रेम आपोआप सुरू होते का, हे प्लग काढून घालून तपासावे. आयफोनचे 2017 नंतरचे फोटो ज्या प्रकारात साठतात तो प्रकार पुष्कळ स्वस्त फ्रेमना वाचता येत नाही, ते आधी बदलून घ्यावे लागतात. आणि पडदा लांबट असल्याने जुन्या चौकोनी फोटोंना ‘पडदा भरून’ दाखवण्याची सोय चालू ठेवली, तर उभ्या असलेल्या सगळ्या वडीलधाऱ्यांची डोकी वरून कापली जातात. ती सोय आधी बंद करावी.

स्वस्त घ्यायची की महाग, हा पहिला प्रश्न. आमच्याकडे तो फार लवकर मिटला, आणि मला वाटते बरोबर मिटला. आम्ही नऊ भावंडे. कोणी डॉलरमध्ये कमावतो, कोणी सहकारी संस्थेत लेखनिक आहे, एक बहीण शिवणकाम करते. महागडी फ्रेम एकट्या परदेशच्या भावाला सहज परवडली असती. पण मग ती त्याची भेट झाली असती आणि बाकीचे आठ जण टाळ्या वाजवायला राहिले असते. प्रत्येकाने सहाशे रुपये काढावे, त्यांत जे बसेल ते घ्यावे, असे ठरले. परवडणारे म्हणजे हलके नव्हे. सर्वांत कमी ऐपतीच्या माणसाला जिथे मान खाली न घालता उभे राहता येते ती किंमत परवडणारी. आहेराच्या वहीत आकडे लिहिण्याची आपली रीत मला कधीच आवडलेली नाही, पण त्या वहीने एक गोष्ट मात्र पाळली होती: आज तुम्ही घालाल तेवढेच उद्या परत घालण्याची ताकद समोरच्याला आहे की नाही, हे लोक पाहत असत.

खरा घोळ पुढे झाला. फ्रेम रिकामी देता येत नाही. साडी देताना ती कुठल्या दिवशी नेसावी हे आपण ठरवत नाही, पण ही वस्तू देताना मावशीने रोज काय पाहावे हे आम्ही ठरवून देणार होतो. भावंडांनी फोटो धाडायला सुरुवात केली आणि आठवड्यात हजारावर जमले. सहस्रचंद्राला सहस्र फोटो, असा विनोदही झाला. मी सहज हिशेब केला. हजार पौर्णिमा म्हणजे 80 वर्षे आणि सुमारे 10 महिने. हजार फोटो, प्रत्येकी 10 सेकंद, म्हणजे 10,000 सेकंद. 2 तास 46 मिनिटे 40 सेकंद. ऐंशी वर्षे दुपारच्या झोपेएवढ्या वेळात संपली!

आणि ती ऐंशी वर्षे तरी कुठे होती? त्या हजारांत मावशीच्या आयुष्याच्या पहिल्या चाळीस वर्षांतले फोटो 37 होते. बाकी सारे मोबाइल आल्यानंतरचे: केक, केक कापताना, केक तोंडाला फासल्यावर. एका नातवाच्या चौथ्या वाढदिवसाचेच 61. म्हणजे फ्रेम लावल्यावर मावशीचे लग्न पावणेतीन तासांतून एकदा येणार, आणि त्या केकचा फेरा सरासरी पावणेतीन मिनिटांनी. यात कोणाचा कपट नाही. पूर्वी फोटो काढायचा म्हणजे स्टुडिओत जायचे, पैसे मोजायचे, श्वास धरून बसायचे. म्हणून थोडे निघाले. आता फुकट निघतात म्हणून पुष्कळ निघतात. पण यंत्राला थोडे-पुष्कळ एवढेच कळते. त्याच्या लेखी जे जास्त वेळा टिपले गेले ते जास्त घडले. माणसाची आठवण अशी चालत नाही. मावशीने आपल्या आईला शेवटचे पाहिले ते शहापूरच्या घराच्या उंबऱ्यात, आणि त्या क्षणाचा एकही फोटो नाही. तरी तो तिच्या मनात दिवसातून किती फेऱ्या घेत असेल, तिलाच ठाऊक.

मी 144 वर आणले. 10 सेकंदांप्रमाणे 24 मिनिटांचा एक फेरा होतो. आमच्या पंचांगाप्रमाणे ती एक घटका. हे जुळवून आणलेले नाही, आपोआप जुळले. पहिल्या चाळीस वर्षांतले 37 च्या 37 ठेवले. केकचा एक ठेवला. त्यावरून एक भाची अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

हे जुने फोटो मावशीच्या ट्रंकेत काळ्या कागदाच्या आल्बममध्ये होते, पानांच्या मध्ये बटर पेपर, चारी कोपऱ्यांना चिकटवलेले त्रिकोण. स्कॅन करण्यासाठी एकेक बाहेर काढला तेव्हा त्यांच्या पाठी दिसल्या. एकावर स्टुडिओचा जांभळा शिक्का. एकावर काकांच्या अक्षरात ‘सौंदत्ती, 1971’ आणि खाली गाडीभाड्याचा हिशेब. एकावर कानडीत दोन ओळी होत्या. त्या शेजारच्या अक्कांनी मला वाचून दाखवल्या. मावशीच्या टायफॉइडच्या वेळी या अक्कांच्या सासूबाईंनी रात्री जागवल्या होत्या, आणि बरी झाल्यावर काढलेल्या त्या फोटोमागे त्यांनी तिथी आणि ‘आमची मुलगी बरी झाली’ अशा अर्थाचे लिहून ठेवले होते. पुण्याच्या आणि परदेशच्या भावंडांनी पाठवलेल्या हजार फोटोंत या बाईंचा एकही फोटो नव्हता. कसा असणार? त्या कोण हे त्यांना माहीतच नाही. नातेवाइकांच्या यादीत त्या बसत नाहीत. आमच्या या जिल्ह्यांत अशी माणसे घरोघर आहेत. भाषेचे वाद रस्त्यावर चालू असताना भिंतीपलीकडून वाटीभर विरजण देणारी.

डिजिटल फोटोला पाठ नसते. हे मला त्या दिवशी नवेच कळल्यासारखे वाटले. फोटोच्या पुढच्या बाजूला काय दिसते ते असते आणि मागच्या बाजूला ते कोणासाठी जपले ते असते. मी प्रत्येक फोटोखाली नाव घालण्याचा खटाटोप केला. देवनागरी आणि कानडी अक्षरांऐवजी त्या स्वस्त पडद्याने ओळीने चौकोन दाखवले. शेवटी नावे फोटोवरच चित्र म्हणून लिहून घेतली, दोन्ही लिप्यांत. वेळ गेला, पण आता शेजारच्या अक्का किंवा त्यांची नात आली तर त्यांनाही वाचता येईल.

यानंतरचा प्रसंग सांगावा की नाही असा मला संकोच होता. पण तो टाळला तर मग या लेखात फक्त दुकानदारी उरेल.

1966 सालचा मावशीच्या लग्नातला एक गट-फोटो आहे. मधे नवरानवरी, काकांच्या उजव्या हाताला त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे मावशीचा दीर. पुढे याच दिराशी शेतीच्या वाटणीवरून वीस-बावीस वर्षे दावा चालला. काका त्या दगदगीतच गेले असे घरात मानले जाते. दीरही आता हयात नाहीत. परदेशच्या मावसभावाने तो फोटो पाहून मला कळवले, ‘काकांना काढून टाक, आईला रोज ते तोंड कशाला?’ त्याने नुसते कळवले नाही, काढून टाकलेला फोटो तयार करून पाठवला. मी तो मोठा करून पाहिला. जिथे दीर उभा होता तिथे मांडवाचा खांब होता, खांबाला गुंडाळलेली कागदी झालर होती. सगळे इतके बेमालूम की, माहीत नसलेल्याला काही वेगळे वाटणार नाही. एवढेच की दिराचा हात काकांच्या खांद्यावर होता, त्या खांद्यापाशी कोटाला पडलेली एक चुणी तशीच राहिली होती. हात गेला, चुणी उरली.

आपल्या घरांत फोटो कापले जात नव्हते असे नाही. मी स्वतः असे फोटो पाहिले आहेत, कडेचा माणूस कात्रीने उडवलेला. पण कात्रीचा फोटो आपण कापलेला आहोत हे सांगत राहतो. त्याची कड वाकडी असते, पाहणारा विचारतो, ‘इथे कोण होतं?’ मग कोणी उत्तर देतो, कोणी विषय बदलतो, पण राग लपत नाही. कात्री हा भांडणाचा भाग असतो. मोबाइलने केले ते मला भांडणाच्या पलीकडचे वाटले. तिथे कोणी नव्हतेच, खांब होता. ज्या माणसाने लग्नात धाकट्या भावाच्या हौसेने मांडव सजवला आणि पुढे तीस वर्षांनी कोर्टात शपथेवर खोटे सांगितले, त्या माणसाची दोन्ही कृत्ये एकदम पुसली गेली. मग मावशीने क्षमा कोणाला करायची, किंवा न करायची तर कोणाला नाही करायची?

मावसभावाचा मुद्दा सोपा होता आणि त्यात माया होती. तो म्हणाला, हे काही इतिहासाचे पुस्तक नाही, ही भेट आहे. भेटीने आनंद द्यावा. ऐंशीच्या बाईला सत्य देण्याचा ठेका आपण का घ्यायचा? यावर मी बरेच दिवस विचार केला. दुःख देणारे फोटो भेटीत घालूच नयेत, हे मला मान्य आहे. तो गट-फोटो वगळला असता तरी माझी तक्रार नव्हती. न दाखवणे हा संकोच आहे, कधीकधी तो शहाणपणाही असतो. माझा विरोध आहे तो बदललेला फोटो ‘हेच होते’ म्हणून तिच्या भिंतीवर लावण्याला. तिच्या स्मृतीत एक माणूस आहे आणि समोर खांब आहे. दिवसातून पन्नास-साठ वेळा तिने दोघांतल्या कोणावर विश्वास ठेवायचा? वय वाढते तसा माणसाचा आपल्या आठवणींवरचा भरवसा आधीच डळमळू लागतो. तिथे आपणच तिच्याविरुद्ध साक्षीदार उभा करायचा, आणि तोही रंगीत कागद बांधून, भेट म्हणून!

वाय-फायचा वाद याच गोष्टीची दुसरी बाजू होता. मावसभावाला वाय-फायची फ्रेम हवी होती, मला कार्डाची. माझे म्हणणे विज्ञानेश्वराच्या आधाराने होते. वाय-फायच्या फ्रेमवरचा देणाऱ्याचा हक्क सुटतच नाही. तिच्या घरात, तिच्या भिंतीवर, तिला न विचारता मी हवे तेव्हा काहीही लावू शकतो. काही फ्रेममध्ये आपण पाठवलेला फोटो मागाहून काढूनही घेता येतो. यज्ञात आहुती सोडताना ‘न मम’ म्हणायचे असते. इथे ‘न मम’ म्हणायला जागाच नाही. शिवाय मध्ये तिसरा एक मालक बसलेला असतो, फोटो ज्याच्या गोदामातून येतात तो. त्याने उद्या नियम बदलले किंवा दुकान बंद केले, तर नवे फोटो येणे थांबते. कार्डाच्या फ्रेममध्ये नवे फोटो घालायचे तर कोणालातरी घरी जावे लागते, खुर्ची ओढून बसावे लागते, चहा होतो.

यावर तो फोनवर थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘तू गावात आहेस. तुला जाऊन खुर्ची ओढता येते. मी बारा हजार किलोमीटरवर आहे. मला तेवढंच दार आहे, तेही तू तत्त्वज्ञान सांगून लावून घेतोयस.’

त्याचे खरे होते. जवळ राहणाऱ्याला आपले जवळ असणे हे कर्तृत्व वाटू लागते. ते निव्वळ परिस्थितीने मिळालेले असते. दूर गेलेला मुलगा दर पंधरा दिवसांनी दोन फोटो पाठवील, आई ते पाहील, यात कसले अतिक्रमण? विज्ञानेश्वराच्या काळी मुलगा समुद्रापलीकडे राहत नव्हता. तरीही माझी शंका पुरती गेली नाही. आई पाहते आहे की नाही हे त्याला कसे कळणार? फोटो पोचला एवढे यंत्र सांगते, आणि पोचला म्हणजे भेट झाली असे वाटून फोन करणे राहून जाते. आमच्या ओळखीत दोन घरी हे मी पाहिले आहे.

वाद सुटेना तेव्हा मी सरळ मावशीकडे गेलो. भेट गुपित ठेवून अवचित द्यावी ही अलीकडची हौस आहे. स्वीकार मनाने व्हायचा असेल तर मनाला थोडी आधी कल्पना दिलेली बरी. मी तिला दुकानातून दाखवायला आणलेली फ्रेम लावून दाखवली. तिने चष्मा बदलला आणि अख्खी घटका काही न बोलता पाहिले. गट-फोटो आला तेव्हा, दीर जिथे होता तिथेच होता, ती म्हणाली, ‘भाऊजींनी त्या दिवशी झालर रात्रभर कातरली होती.’ मग थोड्या वेळाने, ‘पुढं वाईट वागले.’ बस, एवढेच. दोन वाक्यांच्या मध्ये पुढचा फोटो येऊन गेला होता.

शेजारच्या अक्का तेवढ्यात दळण घेऊन आल्या होत्या. एका फोटोवर थांबून त्यांनी विचारले, ‘इवरु यारु?’ मावशीने सांगितले, त्यांच्याच सासूबाई. अक्कांनी आपल्या सासूला त्या वयात कधी पाहिले नव्हते. फोटो बदलला तेव्हा दोघीही ‘अगं, अगं’ करत पडद्याकडे हात करू लागल्या, जणू गाडी सुटत होती. मी परत मागे नेला. दहा सेकंद कमी आहेत हे तेव्हा कळले. आता 30 केले आहेत. घटका गेली, एक तास बारा मिनिटांचा फेरा झाला.

वाय-फाय की कार्ड हे मी तिला विचारले. तिला फरक समजावून सांगायला वेळ लागला, पण समजला. म्हणाली, ‘त्याला पाठवू दे की. पण पाठवलं की फोन करून सांग म्हणावं, काय पाठवलंय ते. मी त्याच्याबरोबर बघीन.’ ही अट मी मावसभावाला शब्दशः कळवली आहे. वाय-फायची फ्रेम आमच्या वर्गणीत बाराशे रुपयांनी बसत नाही. ते मावसभाऊ एकट्याने घालायला तयार आहे, आणि शिवणकाम करणारी बहीण म्हणते की मग तिचाही वाटा वाढवा. त्यावर अजून फोन चालू आहेत.

मी उठताना मावशीने फ्रेम उचलून उलटी केली, मागून पाहिली आणि विचारले, ‘आणि हे बंद करता येतंय काय रे?’

म्हटले, येते. आपोआप बंद होण्याची वेळ लावून ठेवता येते, रिमोटनेही बंद होते.

‘तसं नव्हे. रिमोट सापडत नाही मला. कधी एखादे दिवशी कुणालाच बघू नये वाटतं. हातानं बंद होतंय काय?’

भिंतीवरच्या हार घातलेल्या तसबिरीला बंद करण्याची सोय नव्हती. ट्रंकेतल्या आल्बमला होती, तो मिटता येत असे. दुकानात मी पाहिलेल्या सात फ्रेमपैकी चारांना हाताने चालवायचे बटणच नाही, सगळे रिमोटवर किंवा मोबाइलवर. उरलेल्या तिघांपैकी एकीचे बटण इतके बारीक की टाचणी लागावी. एकीचे पाठीमागे, उजव्या कडेला, चांगले बोटभर आहे. डोळे मिटून चाचपले तरी लागते. तीच सांगून ठेवली आहे.